एमटीबीला वेगवेगळ्या कंपन्यांचे पार्ट लावताय? आधी या चुका टाळा

पावसाळा संपला की माझ्या दारात सायकली यायला लागतात. माझं दुकान नाही, रविवारी सकाळी स्टँड लावून मित्रांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या एमटीबी (माउंटन बाइक) बघतो एवढंच. आणि त्यातल्या निम्म्या जणांची तक्रार एकच असते, "गिअर नीट पडत नाही, जरा ट्यून करून द्या की." आता तिथं ट्यून करण्यासारखं काही नसतंच, कारण शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) एका कंपनीचा, डिरेलर (मागच्या चक्र्यांवर चेन सरकवणारा पार्ट) दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांचं गणित मुळातच वेगळं.

सरमिसळ करूच नका असं मी म्हणत नाही. अख्खा ग्रुपसेट, म्हणजे एकाच कंपनीचा गिअर-ब्रेकचा सगळा सेट, बदलायचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, मलाही झेपत नाही. माझ्या सायकलीला शिफ्टर-डिरेलर शिमानोचे, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्र्यांचा संच) सनरेसची आणि चेन केएमसीची आहे आणि मसाई पठारावरसुद्धा कधी कुरकुर नाही. पण काय कशाबरोबर चालतं हे न बघता, स्वस्तात मिळतंय म्हणून उचललं की फसलात.

शिफ्टर आणि डिरेलरची जोडी फोडू नका

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिफ्टरचा एक क्लिक म्हणजे ठरावीक मिलिमीटर केबल ओढली जाते, आणि तेवढ्या केबलवर डिरेलर किती सरकणार याचं प्रत्येकाचं प्रमाण ठरलेलं असतं. शिमानोच्या 6 ते 9 स्पीडच्या (म्हणजे मागं 6 ते 9 चक्र्यांच्या) डिरेलरचं प्रमाण साधारण 1.7, म्हणजे केबल 1 मिमी ओढली की डिरेलर 1.7 मिमी सरकतो. 10 स्पीड एमटीबीला शिमानोनंच ते 1.2 च्या आसपास आणलं. म्हणून 9 स्पीडचा डिरेलर आणि 10 स्पीडचा एमटीबी शिफ्टर दोन्हीवर शिमानो लिहिलेलं असलं तरी जुळत नाहीत, नाव बघून घेणारे हमखास इथं अडकतात. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या 10 स्पीडचं प्रमाण साधारण 1.3.

आता 1.2 आणि 1.3 मध्ये काय एवढा फरक, असं वाटतं ना? आमच्या गल्लीतल्या एका पोराला असंच वाटलं होतं. इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, पण धीर अजिबात नाही. त्याच्याकडं शिमानोचा 10 स्पीड शिफ्टर होता आणि ऑनलाइन सेकंडहँडमध्ये त्याला स्रॅमचा 10 स्पीड डिरेलर चांगल्या कंडिशनमध्ये मिळाला. 10 ला 10 जुळतंय म्हणून त्यानं रात्रीत बसवला आणि मला फोन, "दादा, मधले गिअर लोण्यासारखे पडालेत, उद्या पन्हाळा करूया." मी विचारलं, टोकाचे गिअर बघितलेस का? तर म्हणाला, शेवटचा क्लिक जरा अडकत होता पण स्क्रू ढिला केल्यावर पडतोय. मला तिथंच त्याला थांबवायला पाहिजे होतं, मी थांबवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पहाटे शिवाजी पूल, मग केर्ली, तोवर सगळं ठीक कारण सपाट रस्त्याला पोरगं मधल्याच गिअरवर होतं. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला, त्यानं शेवटचा सगळ्यात हलका गिअर मारला, आणि डिरेलर मोठ्या चक्रीच्या पलीकडं जाऊन थेट स्पोकमध्ये घुसला. हँगर (डिरेलर अडकवायचा फ्रेमवरचा तुकडा) तुटला, डिरेलरचा पिंजरा वाकडा, तीन स्पोक गेले आणि चाक जागेवर लॉक. पोरगं पडलं पण नशीब चढ होता, वेग नव्हता, कोपर खरचटण्यावर भागलं. उतारावर हेच झालं असतं तर काय, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस जात नव्हता. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्या मामांनी सायकल मागं टाकून कोल्हापुरात आणून सोडली.

घरी आल्यावर त्याला वहीत मांडून दाखवलं. शिमानोचा तो शिफ्टर एका क्लिकला साधारण 3.4 मिमी केबल ओढतो. 1.2 नं गुणलं की साधारण 4 मिमी, आणि 10 स्पीड कॅसेटच्या दोन चक्र्यांमधलं अंतर 3.95 मिमी, म्हणजे बरोबर. तेच 1.3 नं गुणा, 4.4 येतात. दर क्लिकला साधारण 0.45 मिमी जास्त. 10 चक्र्यांत क्लिक 9, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत 4 मिमीची चूक, अख्खी एक चक्री! मध्यावर जुळवून घेतलं की मधले तीन-चार गिअर गोड लागतात आणि दोन्ही टोकांना डिरेलर वाजवीपेक्षा पुढं जातो. त्याचा शेवटचा क्लिक अडकत होता तो लिमिट स्क्रूमुळं, आणि तो स्क्रू डिरेलरला स्पोकपासून वाचवायलाच असतो. तोच त्यानं ढिला केला.

मग ओळखायचं कसं? माझी सवय अशी आहे, आधी मागं उभं राहून हँगर बघतो कारण हँगर वाकला तरी लक्षणं जवळपास हीच असतात. हँगर सरळ असेल तर मधल्या चक्रीवर गिअर एकदम बरोबर बसवतो आणि तिथून तीन क्लिक वर, तीन क्लिक खाली जाऊन बघतो. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची घुंडी) फिरवून एक बाजू सुधारली की दुसरी बिघडत असेल तर हात थांबवा आणि दोन्ही पार्टांचे मॉडेल नंबर वाचा, कारण तासभर बॅरल फिरवून प्रमाण बदलत नाही. केबल डिरेलरच्या बोल्टच्या दुसऱ्या बाजूनं बांधून प्रमाण बदलायची एक युक्ती लोक सांगतात. काही जोड्यांना ती लागू पडते हे खरं, पण डोंगरात जाणाऱ्या सायकलीला मी कधीच करून देणार नाही.

मायक्रोशिफ्ट कंपनीचा अ‍ॅडव्हेंट सेट घेणार असाल तरी हेच, शिफ्टर-डिरेलर दोन्ही त्याचेच घ्या. शिमानोचा क्यूज सेट 2023 मध्ये आला, त्याच्या लिंकग्लाइड कॅसेटच्या चक्र्यांमधलं अंतर जुन्या हायपरग्लाइड कॅसेटपेक्षा वेगळं आहे, कॅसेट जुन्या फ्रीहबवर (चाकाची ज्या बॉडीवर कॅसेट बसते ती) चढते म्हणून जुना शिफ्टर चालेल असं धरू नका.

फ्रीहब न बघता कॅसेट मागवणं

10-51 ची (लहान चक्री 10 दातांची, मोठी 51 ची) कॅसेट घरी आली आणि चाकावर चढेना, हा फोन मला बऱ्याचदा येतो. जुन्या एचजी (हायपरग्लाइड) फ्रीहबवर सगळ्यात लहान चक्री 11 दातांची, 10 दातांची चक्री त्या जाडीवर बसूच शकत नाही. त्यासाठी शिमानोनं 2018 मध्ये मायक्रो स्प्लाइन फ्रीहब आणलं आणि स्रॅमचं एक्सडी वेगळंच आहे. तीन बॉडी तीन प्रकारच्या. तुमची एचजी असेल तर 11 पासून सुरू होणारी कॅसेट बघा, स्रॅमची एनएक्स ईगल 11-50 एचजीवर बसते, सनरेसच्याही आहेत.

इथं कोल्हापूरचा एक खास प्रॉब्लेम आहे, आपल्याकडं उद्यमनगर आहे. लेथवर काहीही करून मिळतं याचा मला अभिमान आहे, माझे स्पेसर मी तिथूनच बनवून आणतो, मापाला एक नंबर. पण फ्रीहबची बॉडी घासून त्यावर कॅसेट बसवायची, हे भावांनो करू नका. त्या खाचांवर तुमच्या पायाचा सगळा जोर येतो, आणि घासलेली खाच गगनबावड्याच्या घाटात सुटली तर पायडल नुसतंच गरागरा फिरतंय.

आणि स्वस्त 7 स्पीडवाल्या सायकलीला बहुतेक वेळा कॅसेट नसतेच, आट्यावर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. चक्र्या उलट्या फिरवा, टूल बसायची खाच त्यांच्याबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. एवढं बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

बाकीच्या, थोडक्यात

चेन कुठल्या कंपनीची हे 11 स्पीडपर्यंत फार मनावर घेऊ नका, स्पीड मात्र जुळला पाहिजे. 9 ची चेन साधारण 6.6 मिमी रुंद, 10 ची 6 च्या आत, त्यामुळं 9 ची चेन 10 च्या कॅसेटवर शेजारच्या चक्रीला घासते. क्विक लिंकही (चेन जोडायची कडी) त्याच स्पीडची.

8, 9, 10 स्पीडच्या शिमानो आणि स्रॅम कॅसेट, स्पीड तोच ठेवून, एकमेकींच्या जागी बिनधास्त लावा.

12 स्पीडला चेनरिंग (पायडलजवळची पुढची चक्री) आणि चेन एकाच कंपनीची ठेवा. स्रॅमचं टी-टाइप ट्रान्समिशन असेल तर चेन, कॅसेट, डिरेलर सगळं त्याच घरचं, तिथं प्रयोग नकोत.

झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन टाकली की जोर लावल्यावर चेन उडते, मग लोक नव्या चेनच्या कंपनीला शिव्या देतात. 9-10 स्पीडला चेनची झीज मोजायचं गेज 0.75 दाखवायच्या आत आणि 11-12 ला 0.5 ला चेन बदला, कॅसेट वाचते.

मोठी कॅसेट लावायच्या आधी डिरेलर किती दातांची चक्री पेलतो ते बघा. हँगरला एक्स्टेंडर लावून भागतं, पण मला ते आवडत नाही.

गिअरला ब्रेकची आउटर (केबलवरचं कव्हर) लावू नका. ती गोल गुंडाळलेल्या तारेची असते, दाबली की आखडते आणि सगळे पार्ट जुळणारे असूनही गिअर भरकटतात.

त्या पोरानं नंतर तो वाकडा डिरेलर भंगारात दिला आणि शिमानोचा 10 स्पीड एमटीबी डिरेलर जुनाच, पण मॉडेल नंबर मला पाठवून, विचारून घेतला. कॅसेट स्रॅमची होती तीच ठेवली. लिमिट स्क्रू मी त्याच्याकडूनच लावून घेतला, हातानं डिरेलर आत ढकलून तो स्पोकला लागत नाही हे तीनदा बघायला लावलं, आणि त्याच्या फ्रेमचा एक जादा हँगर सीटखालच्या बॅगेत टाकून दिला. पुढच्या रविवारी परत पन्हाळा.