लॉगिनचा पडदा बिघडला म्हणून लिनक्स पुसू नका: या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथ वर्कशॉपमधल्या संगणकाची देखभाल माझ्याकडे आहे. जुन्या यंत्रावर डेबियन 12 ही लिनक्सची आवृत्ती हलकी चालावी म्हणून मालकांच्या मुलाने प्लाझ्मा हा जड डेस्कटॉप काढून एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप ठेवला आणि शेवटी, आता न लागणारी पॅकेजे (प्रोग्रामचे संच) काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा चालवली. दुसऱ्या दिवशी लॉगिनच्या नेहमीच्या चित्राऐवजी साधा पडदा आला व त्यावर ‘क्यूटी-ग्राफिकल-इफेक्ट्स’ हे मॉड्यूल (प्रोग्रामला लागणारा जोडभाग) बसवलेले नाही, अशी ओळ दिसली. मी पोहोचलो तेव्हा फॉरमॅटसाठी पेनड्राइव्ह लावलेला होता.

ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण बिघाड फक्त लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या एसडीडीएम या प्रोग्रामच्या थीममध्ये असतो आणि ड्रॉइंगच्या फाइली जागच्या जागी सुरक्षित असतात. थीम उघडली नाही तर एसडीडीएम स्वतःची साधी थीम दाखवतो. तिथेच नाव व पासवर्ड देऊन बहुधा आत जाता येते. पडदा पूर्ण काळा असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबून मजकुराच्या टर्मिनलवर लॉगिन करावे. बटण दाबून यंत्र पुन्हा पुन्हा बंद केल्याने काहीच साधत नाही, उलट डिस्कवर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते.

मूळ चूक मात्र आधीच झालेली होती. थीम इंटरनेटवरून उतरवून तिचे फोल्डर हाताने थीमच्या जागी टाकले होते, त्यामुळे तिला कोणते पॅकेज लागते याची एपीटीकडे, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रामकडे, नोंदच नव्हती. प्लाझ्मा गेल्यावर ते मॉड्यूल कोणालाही नको, असे एपीटीने धरले आणि ऑटोरिमूव्हने ते काढून टाकले. काढायच्या पॅकेजांची लांबलचक यादी न वाचता ‘वाय’ दाबण्याची सवय आपल्याला अशी नडते. ती यादी ‘व्हार’मधील ‘लॉग’ फोल्डरात एपीटीच्या ‘हिस्टरी’ फाइलमध्ये राहते. आम्हाला हरवलेले नाव तिथेच मिळाले.

‘क्यूएमएल-मॉड्यूल-क्यूटीग्राफिकलइफेक्ट्स’ हे पॅकेज एपीटीने पुन्हा बसवताच थीम उघडली. असे नाव घेऊन बसवलेले पॅकेज हाताने बसवलेले म्हणून नोंदले जाते आणि पुढचे ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. रीस्टार्टची घाई मात्र करू नये; आधी चालू डेस्कटॉपवरच ‘एसडीडीएम-ग्रीटर’ (एसडीडीएमचा पडदा दाखवणारा भाग) टेस्ट-मोडमध्ये थीमच्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवावा, म्हणजे आणखी एखादे मॉड्यूल राहिले असेल तर त्याचे नाव तिथेच दिसते.