व्हिसाच्या मुलाखतीसाठी इंग्रजी बोलण्याची तयारी कशी करावी

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची, म्हणजे एफ-१ची, मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते, आणि तीही काचेच्या खिडकीपुढे उभे राहून द्यावी लागते. अधिकारी तुमचे व्याकरण तपासायला बसलेला नसतो. तेथील कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार कायमचा स्थायिक व्हायला निघाला आहे असेच आधी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे त्याला पटवून द्यावे लागते. म्हणून अलंकारिक इंग्रजीपेक्षा पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगता येणे अधिक मोलाचे आहे.

तयारीची सुरुवात स्वतःच्या कागदपत्रांपासून करावी. डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि आय-२० हे विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र समोर ठेवून अभ्यासक्रम, विद्यापीठ, पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो उचलणारी व्यक्ती यांबद्दल एकेक वाक्य मोठ्याने म्हणावे. मनातल्या मनात वाचल्याने जीभ वळत नाही. आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याला आकडे मराठीत म्हणण्याची सवय असते, त्यामुळे ४८,५०० डॉलर म्हणताना चांगले इंग्रजी बोलणारेही अडखळतात. ‘फॉर्टी-एट थाउजंड फाइव्ह हंड्रेड डॉलर्स’ हे न थांबता म्हणता येईपर्यंत घोकावे.

घोकंपट्टी मात्र एवढ्यापुरतीच असावी. संपूर्ण उत्तरे पाठ केली की मध्येच प्रश्न आला तर धागा तुटतो, आणि पाठ केलेला सूर ऐकणाऱ्याला लगेच कळतो. ‘व्हाय दिस युनिव्हर्सिटी?’ या प्रश्नाला जागतिक दर्जाच्या सुविधांचे उत्तर कोणत्याही विद्यापीठाला लागू पडते. त्याऐवजी ‘आय स्टडीड सिव्हिल इंजिनिअरिंग, अँड दिस प्रोग्राम फोकसेस ऑन वॉटर ट्रीटमेंट’ असे साधे वाक्य तुमचे मागचे शिक्षण आणि पुढचा अभ्यासक्रम एकत्र जोडते. असे मुद्दे तेवढे लक्षात ठेवावेत आणि शब्द दर वेळी थोडे बदलू द्यावेत.

बोलण्याइतकाच ऐकण्याचाही सराव हवा, आणि माझ्या मते नेमकी तिथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. काच, माइक, आजूबाजूचा गलका आणि अनोळखी उच्चार यांमुळे प्रश्न निसटू शकतो. ओळखीच्या व्यक्तीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून, उलटसुलट क्रमाने आणि मध्येच तोडून प्रश्न विचारायला सांगावे. प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असे निःसंकोच म्हणावे. न कळता ‘येस’ म्हटले, तर ते उत्तर अर्जातील माहितीशी विसंगत ठरण्याचा धोका असतो.

हा सराव फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. घाईत वाक्याचा शेवट गिळला जात असेल, तर वेग कमी करून तेच उत्तर पुन्हा द्यावे. आदल्या दिवशी नवे शब्द शिकू नयेत; फक्त अर्जातील तारखा, नावे आणि रकमा एकदा मोठ्याने म्हणून पाहाव्यात.