वरणावरचं पाणी नको, वरणच द्या

आमच्या लेकीचं उष्टावण जुलैमध्ये झालं. मामाने चांदीच्या चमच्याने खीर नुसती ओठाला लावली, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तिला वरणावरचं पाणी द्यायला लागले, कारण लालबागला आमच्या चाळीत सगळ्यांच्या पोरांना तेच दिलेलं आणि मलाही वाटलं की सुरुवात आहे, हलकंच बरं. तीन आठवडे हेच चाललं. मग वजन करायला नेलं तर काटा जेमतेम हललेला. डॉक्टरांनी विचारलं वाटीत नेमकं काय असतं, मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे डाळ तुम्ही खाताय आणि बाळाला पाणी देताय." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं. म्हणून हे लिहितेय, दुसऱ्या कुणाचे तीन आठवडे असे जाऊ नयेत.

आधी कधी सुरू करायचं ते. सहा महिने म्हणजे १८० दिवस पूर्ण झाले की, तोपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मान पक्की हवी, टेकवून बसवलं तर बसायला हवं, आणि चमचा लावल्यावर जिभेने सगळं बाहेर ढकलणं कमी झालेलं हवं. आणि सहानंतर फार लांबवूही नका, कारण पोटात असताना बाळ लोहाचा जो साठा घेऊन येतं तो साधारण तेवढाच पुरतो आणि आईच्या दुधात लोह कमी असतं. लोहाचे थेंब कधीपासून, किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, मनाने देऊ नका.

दूध बंद करायचं नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. वर्षापर्यंत दूध हाच मोठा भाग, खाणं त्याच्या जोडीला, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्याच्यापुढेही चालतं. बाळ भुकेने रडत असताना खिमट (डाळ-तांदळाची मऊ पेज) घेऊन बसू नका, आधी थोडं दूध पाजा आणि मग अर्ध्या-पाऊण तासाने वाटी घ्या, तेव्हा ते शांत असतं आणि नवीन चवीकडे बघतं तरी.

आता घट्टपणा. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं, त्यात पातळ पाणी भरलं तर पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. माझी परीक्षा अशी: चमच्यात घेऊन चमचा तिरका करायचा, घसरून पटकन पडलं तर पातळ, हळूच सरकलं किंवा चिकटून राहिलं तर बरोबर.

खिमट मी असं करते. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुवून सुती कपड्यावर पंख्याखाली वाळवायचं, पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत तिथे हे कुठून वाळणार, म्हणून नंतर मंद आचेवर कोरडं होईपर्यंत भाजते आणि मिक्सरला रवाळ काढते. एकदम महिनाभराचं करू नका, मुंबईच्या दमट हवेत वास लागतो, आठ-दहा दिवसांचं करून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजला. आधी थंड पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवायचं नाहीतर गुठळ्या होतात, सतत ढवळायचं, दाणा पूर्ण शिजला की वरून पाव चमचा साजूक तूप. मीठ आणि साखर वर्षापर्यंत नाही, सासूबाईंना आधी पटलं नव्हतं पण लेक अळणी आवडीने खाते बघून त्यांनीच सोडलं. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको, त्यातल्या जंतूंनी बाळाला बोट्युलिझम (अंग लुळं पाडणारा आजार) होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करायला वेळ लागतो पण जमलं तर कराच, मोड आल्यामुळे लापशी फार चिकट होत नाही, त्यामुळे त्याच वाटीत जास्त पीठ जातं.

पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे चमचे, दिवसातून एकदा. नवीन पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस तोच, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर कशाने ते कळतं. सात-आठ महिन्यांपर्यंत दिवसाला दोन-तीन वेळा आणि हळूहळू अर्धी वाटी. मग भोपळा, गाजर, केळं, कुस्करलेलं वरण-भात, पूर्ण उकडलेलं अंडं, काटा काढलेलं पापलेट (सुरमई एवढ्यात नको, मोठ्या माशांत पारा जास्त असतो). डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की त्यातलं लोह अंगी लागतं. शेंगदाणाही लवकरच द्या पण बारीक वाटून पातळ करून, अख्खा दाणा कधीच नाही. बाळाला खूप एक्झिमा (कोरडी, लाल, खाजणारी त्वचा) असेल तर शेंगदाणा आणि अंडं सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

लेकीला पहिल्यांदा कुस्करलेलं केळं दिलं तेव्हा तिने ओकारी काढली, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, माझे हात कापायला लागले. पण आवाज करत खोकतंय म्हणजे ते स्वतःच बाहेर काढतंय, तेव्हा तोंडात बोट घालायचं नाही. आवाजच येत नसेल, रडू फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर घास अडकलाय: बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, आलटून पालटून, आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगायचं. द्राक्ष, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, खोबऱ्याचा तुकडा याच कारणाने नको.

नोकरी करणाऱ्यांची पंचाईत वेगळी, २६ आठवड्यांची रजा संपते नेमकी तेव्हाच हे सगळं सुरू होतं. मी लोकल पकडायच्या आधी पाजून निघते, दूध काढून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवते, सासूबाई वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करून चमच्याने पाजतात, बाटली आम्ही आणलीच नाही. खिमट ताजंच शिजवायचं, उष्टी वाटी परत ठेवायची नाही. पाणी उकळून गार केलेलं, जेवताना दोन-चार घोट.

आणि तोंड फिरवलं की थांबा. टीव्ही लावून, धरून भरवू नका. एक दिवस भोपळा थुंकला म्हणून तो आवडत नाही असं नसतं, आमच्याकडे नवव्या वेळी खाल्ला, आता वाटी बघितली की ती दोन्ही हात पुढे करते.