एमएफटी शिकायला अमेरिकेला जाताय? या चुका टाळा

मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या मास्टर्ससाठी अमेरिकेला निघालेली मुलं बहुधा आधी रँकिंग विचारतात. चूक इथूनच सुरू होते. भांडत आलेल्या दोन माणसांसमोर कसं बसायचं, हे वाचून येत नाही. तुम्ही बसलेले असताना कुणीतरी जाणतं माणूस बघतं आणि नंतर नेमक्या जागी थांबवून प्रश्न विचारतं, तेव्हा ते येतं. म्हणून विद्यापीठाला हे विचारा: आमची सेशन्स सुपरव्हायजर स्वतः बघतात का, की आम्ही सांगू तेवढंच ऐकतात? जोडपी आणि कुटुंबं प्रत्यक्ष किती मिळतात?

दुसरी चूक हिशेबाची. थेरपी करण्याचा परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. अभ्यासक्रमाला सीओएएमएफटीईची (एमएफटी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असली तरी ज्या राज्यात काम करायचं, तिथले नियम वेगळे वाचावेच लागतात. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी देखरेखीखालचे ३,००० तास लागतात आणि ते किमान १०४ आठवड्यांत पसरलेले असावे लागतात. पदवी मिळण्याआधीचे त्यातले जास्तीत जास्त १,३०० धरतात. आता व्हिसा बघा. पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची परवानगी, साधारण १२ महिन्यांची. ती पुढे वाढायला पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असावी लागते. तुमच्या अभ्यासक्रमाचा कोड त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. परत येणार असाल तर हेही लक्षात घ्या की भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते आणि ती एमएफटीच्या पदवीवर आपोआप मिळत नाही.

खरी परीक्षा प्रॅक्टिकमला, म्हणजे शिकतानाच खऱ्या क्लायंट्ससोबत काम करताना. मराठी येतं म्हटल्यावर एखादं मराठी जोडपं तुमच्याकडेच पाठवलं जाऊ शकतं. बाळंतपणासाठी सासूबाई सहा महिने आलेल्या, घर धुमसतंय. तिसऱ्या सेशनला बायको विचारते, "तू तरी सांग, तुझ्या घरी असं चालतं का?" इथे नवशिके हमखास न्यायाधीश होतात. ती बरोबर, तो चूक. आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही. फॅमिली थेरपीचे एक प्रवर्तक मरे बोवेन ज्याला त्रिकोण म्हणत, तो हाच: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढलं जातं, आणि तो तिसरा तुम्ही असता. उत्तर देण्याची घाई करू नका. "मी तुझ्या बाजूने बोलले तर आत्ता तुमच्या दोघांमध्ये काय होईल?" असं विचारून दोघांना एकमेकांशी बोलतं करा.

मग दोघांपैकी एकाचा मेसेज येतो: "त्याला सांगू नकोस, पण..." गुपितांबद्दलचं तुमचं धोरण पहिल्या भेटीतच लेखी ठरलेलं नसेल, तर तुम्ही अडकलात. एएएमएफटी या अमेरिकेतल्या एमएफटी थेरपिस्टांच्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार एकाने खाजगीत सांगितलेलं त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. सांगता येत नाही आणि लपवून नीट कामही होत नाही, अशा कोंडीत शिकाऊ माणसाने एकट्याने राहू नये. त्याच दिवशी सुपरव्हायजरला गाठा.

एका चुकीला मात्र माफी नाही: हिंसेबद्दल दोघांना एकत्र बसवून विचारणं. ज्याला भीती आहे तो समोर "नाही" म्हणेल, आणि "हो" म्हणाला तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. सुरुवातीलाच प्रत्येकाला वेगळं भेटा. मारतो का, एवढंच विचारून थांबू नका. फोन कोण तपासतं, पैसे कुणाच्या हातात, पासपोर्ट कुणाकडे, हेही विचारा. परदेशात एकाच्या नोकरीवर दुसऱ्याचा व्हिसा असतो, तिथे हे प्रश्न फार महत्त्वाचे.

वर्गात फॅमिली थेरपिस्ट साल्वादोर मिनुशिन यांची घरातल्या माणसांमधल्या सीमारेषांची कल्पना शिकली की काही मुलं रोज आईला फोन करणाऱ्या प्रत्येक मुलाला "एनमेश्ड", म्हणजे नात्यात नको इतका गुंतलेला, ठरवतात. तो फोन कुणाला जाचतो आणि कुणाला आधार देतो, हे त्या घराला विचारल्याशिवाय लेबल लावू नये.

आणि सुपरव्हिजनला छान झालेलं रेकॉर्डिंग नेऊ नका. जिथे गप्प झालात, जिथे आवाज चढला, ती दहा मिनिटं न्या. सेशन मराठीत असेल तर तेवढ्या भागाचं इंग्रजी भाषांतर स्वतः लिहून न्या. नाहीतर मराठी न येणारा सुपरव्हायजर फक्त तुमचा चेहरा बघत बसेल. सोबत एकच प्रश्न ठेवा: इथे मी कुणाकडे बघत होते, आणि कुणाकडे बघायचं टाळत होते?