पान उकलून बघा, मग पंप उचला

श्रावण सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याच्या भातात एक बारीक पाखरू दिसायला लागतं. बांधावरून चालताना पायाजवळून उडतं आणि चार हातांवर जाऊन पुन्हा पानाआड बसतं. रंग वाळल्या गवतासारखा पिवळट, पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा, कडेला गडद पट्टा. पंख पसरले तरी रुपयाच्या नाण्याएवढंही भरत नाही. पाने गुंडाळणाऱ्या अळीचा हाच पतंग.

पाखरं उडाली, पानं पांढरी दिसली की पंप पाठीला लावायची घाई होते. त्याआधी वाफ्यात उतरा. गुंडाळलेल्या पानाच्या दोन्ही कडा धाग्यांनी टाचलेल्या असतात, त्या नखानं हळूच उकला. हिरवट, काचेसारखी अळी असेल तर हात लागताच अंग झटकत मागं सरकते. आतला हिरवा भाग खरवडलेला असतो, विष्ठेचे कण पडलेले असतात. पण बरीच पानं रिकामी निघतील, कारण एकच अळी एक पान सोडून दुसऱ्यात शिरते. रिकामी पानं मोजून औषध मारण्यात पैसा जातो आणि अळी खाणारे कोळी, चतुर मरतात ते वेगळंच.

शेतात तिरकं चालत वीसेक चुडं, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके, तपासा. फुटवे फुटत असताना चुडाला सरासरी दोन ताजी गुंडाळलेली पानं होईपर्यंत थांबायला हरकत नाही. या वयात भात नवीन पानं काढून नुकसान भरून काढतं. पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लोंबीचा दाणा भरतो तो शेवटच्या पानाच्या जोरावर, ते खरवडलं गेलं तर पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढतं.

माझं खरं सांगणं युरियाबद्दल आहे. काळंभोर हिरवं, लुसलुशीत भात या पाखराला सर्वांत जास्त आवडतं. शेजाऱ्याचं रान हिरवं दिसतं म्हणून आपणही मूठभर जास्त टाकू नका. युरिया हप्त्यानं द्या, आणि कीड वाढलेली असताना पुढचा हप्ता थोडा थांबवा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला आजरा घनसाळ भात तर उंच वाढणारा. त्याला युरियातलं जादा नत्र म्हणजे कीडही आली आणि भात लोळणंही आलं. झाडाच्या सावलीतले वाफे आणि गवताळ बांध आधी तपासा, सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

पानाचे तुकडे कापून त्यांच्या नळ्या पाण्यावर तरंगत असतील तर ती सुरळीतली अळी. तिला वाफ्यातलं पाणी काढून टाकलं की बराच आळा बसतो. गुंडाळणाऱ्या अळीचं पान झाडालाच राहतं.

सुरुवातीला दोघांनी दोन टोकं धरून पिकावरून दोरी ओढली तरी पुष्कळ अळ्या खाली पडतात.

एवढं करूनही मर्यादा ओलांडलीच, तर क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी हे पातळ कीटकनाशक १० लिटर पाण्यात ३ मिली, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्याला ६० मिली. उघडीप बघून, वारा पडलेला असताना फवारा. तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच. आणि फवारणीआधी वाफ्याची मोरी बुजवा, काही दिवस पाणी बाहेर सोडू नका. हे औषध ओढ्यात गेलं तर पाण्यातल्या बारीक जीवांना घातक ठरतं.