मंडळातल्या सेवेकऱ्यांना रेशनच्या कामाला कसं लावावं

महाप्रसाद वाढायला सगळं मंडळ उभं राहतं, शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत मात्र चारपाच जणच टिकतात. तेवढेच पुरेत. भजनी मंडळ असो, सत्संग असो की चर्चचा गट, 'सगळ्यांना सामावून घ्या' हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. कामाच्या दिवशी सकाळ मोकळी असणारी माणसं निवडा: निवृत्त बँकवाले, दुसऱ्या पाळीला जाणारे, मुलांना शाळेत सोडून मोकळ्या होणाऱ्या काकू.

विषय एकच धरा. ठाण्यातल्या वागळे इस्टेट, लोकमान्य नगर, कळवा या भागांत मी रेशनच धरायला सांगेन. घरात केशरी कार्ड असतं, पण त्यावर धान्य चालू नसतं. शहरात वर्षाला ५९,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब प्राधान्य यादीत बसतं आणि त्याला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. एवढं प्रत्येक सेवेकऱ्याला हरिपाठासारखं तोंडपाठ हवं.

घरी दोघांनी जावं, त्यातली एक बाई असावी. कार्डावरची नावं आधारशी जुळवून बघा. गावाकडच्या कार्डावर धान्य चालू असेल तर नाव कमी करायला कुणाला गावी पिटाळू नका. तेच कार्ड ठाण्याच्या दुकानातही अंगठा लावून चालतं. कुटुंब आपल्या मंडळात येतं का, हे विचारायचं नाही. आधारच्या झेरॉक्सचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

आता खिडकी. नव्या गटाची बहुतेक प्रकरणं इथेच अडतात, आमचीही अडायची.

सेवेकरी चांगला शिकलेला असतो, त्याला राहवत नाही. "ताई, तुम्ही थांबा, मी बोलतो," म्हणत तो पुढे होतो. आतून प्रश्न येतो, "कार्ड कुणाचं? तुम्ही कोण?" झालं, तुम्ही एजंट ठरलात. बोलायचं ते जिचं कार्ड आहे त्या बाईनंच. आदल्या दिवशी तिच्याकडून तीन वाक्यं म्हणून घ्या: माझं नाव, माझा कार्ड नंबर, मला धान्य चालू करून हवंय. सेवेकऱ्यानं बाजूला उभं राहायचं, कागद हातात ठेवायचे आणि तोंड मिटून घ्यायचं. निवृत्त साहेबांना हे सगळ्यात जड जातं. नाहीच जमलं तर त्यांना अर्ज लिहायला बसवा.

मग ठरलेलं उत्तर येतं, "इष्टांक शिल्लक नाही." इष्टांक म्हणजे लाभार्थ्यांच्या संख्येची ठरलेली मर्यादा, त्यामुळे हे पुष्कळदा खरंही असतं. वाद घालू नका, पण तोंडी उत्तर घेऊन घरीही येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक आत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का पुसट उठला तर तिथेच पुन्हा मारून मागा. तारीख वाचता येत नसेल तर ती पोच पुढे कुणी बघणार नाही. साहेब जेवायला गेले असतील तर बाकावर बसून राहा. उद्या या म्हणाले म्हणून निघालात, की त्या बाईची आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

पोच हातात असूनही हालचाल नसेल तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंतर लोकशाही दिन, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, आहेच. जिल्हा पातळीवर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि आचारसंहिता लागली की तो भरत नाही. तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. त्यामुळे मंडळाच्या लेटरहेडवर शंभर सह्यांचं निवेदन देऊन पेपरात फोटो येईल, धान्य येणार नाही. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा, सही त्या घराची.

बॅनर नको, नगरसेवकाचा फोटो तर नकोच. कीर्तनानंतर माइकवरून लाभार्थ्यांची नावंही वाचू नका, शेजारीपाजारी ऐकत असतात.

धान्य चालू झालं की पहिल्या महिन्यात कुणीतरी दुकानापर्यंत सोबत जावं. मशीनमधून निघालेली पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या मालाशी ताडून बघावेत.