तळघरातला गॅस ड्रायर: आधी हवा, मग आग

आमच्या न्यू जर्सीत ज्यांच्या घरी गॅसची लाइन आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे कपडे वाळवायचा ड्रायरही गॅसचाच असतो. घर विकत घेताना तो घरासोबतच येतो, आणि पुष्कळांना तो गॅसवर चालतो हे बिघडल्यावरच कळतं. ओळखायला सोपं आहे. विजेच्या ड्रायरला २४० व्होल्टचा जाडजूड प्लग लागतो. गॅसच्या ड्रायरचा प्लग साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मागून लवचिक गॅस पाइप आलेला दिसतो. वीज ड्रम आणि पंखा फिरवायला आणि ज्योत पेटवायला. कपडे वाळवते ती ज्योत.

मंडळात कुणाचा ड्रायर बिघडला की मला फोन येतो, आणि तक्रार बहुधा एकच असते: "ताई, ड्रम फिरतोय, पण कपडे ओलेच राहतात." त्यावर मी ज्योतीबद्दल काही विचारत नाही. "ड्रायर चालू ठेव, बाहेर जा आणि ड्रायरची हवा जिथून बाहेर पडते ती भिंतीवरची झडप पूर्ण उघडते का ते बघून ये," एवढंच सांगते. झडप जेमतेम किलकिली होत असेल, हाताला वारा लागत नसेल, तर मशीन उघडायची गरजच नाही. दुखणं हवा बाहेर नेणाऱ्या पाइपात आहे.

कारण असं. पंखा बर्नरवरून तापलेली हवा ड्रममधून ओढतो आणि ओलसर झाल्यावर बाहेर फेकतो. पाइप तुंबला की ओलावा आतच घुटमळतो, आतलं तापमान चढतं, थर्मोस्टॅट ज्योत पुन्हा पुन्हा बंद करतो आणि कपडे दीड-दोन तास फिरूनही दमटच. गॅसच्या ड्रायरमध्ये याहून गंभीर गोष्ट म्हणजे ज्योतीतून निघणारे वायूही त्याच पाइपातून बाहेर जातात. पाइप तुंबला किंवा मागून निसटला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून तळघरात आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवाच, आणि त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायची नाही.

आगीचं म्हणाल, तर अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आढाव्यात घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण होतं ड्रायर साफ न करणं: ३४ टक्के.

तर साफसफाई. लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या मऊ तंतूंची, जाळी प्रत्येक घाण्याआधी साफ करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुगंधी ड्रायर शीट वापरणाऱ्यांच्या जाळीवर एक मेणचट थर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी झरझर खाली न जाता वर साचलं, तर तो थर बसलाय असं समजा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळवून मगच परत बसवा. जाळी जिथे बसते त्या खाचेतही लिंट पडतं. व्हॅक्यूमचं चपटं तोंड घालून ते ओढून काढा.

मग पाइप. ड्रायरचा प्लग काढा, गॅसचा कॉक बंद करा (दांडी पाइपला आडवी झाली म्हणजे बंद), आणि मशीन हळूहळू पुढे घ्या. गॅसच्या लवचिक पाइपाला ताण येता कामा नये, म्हणून हे काम दोघांनी करावं: एक जण ओढणारा, दुसरा मागे बघणारा. मागे पांढरा प्लॅस्टिकचा किंवा पातळ फॉइलचा गुंडाळी होणारा पाइप दिसला, तर तो साफ करत बसू नका, फेकून द्या. त्याच्या घड्यांमध्ये लिंट अडकतं आणि तो जळतोही. त्याजागी ४ इंची, आतून गुळगुळीत, कडक धातूचा पाइप घाला. सांधे स्क्रूने जोडू नका, कारण स्क्रूची टोकं आत येतात आणि लिंट तिथेच धरतं. धातूची फॉइल टेप लावा. राखाडी कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते, ती इथे चालत नाही. घरबांधणीच्या नियमावलीप्रमाणे हा पाइप साधारण ३५ फुटांपर्यंत लांब चालतो, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. तळघरातून वर येऊन दोन-तीन वळणं घेत मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या पाइपाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. काही घरांत तो मुळातच चुकलेला असतो.

भिंतीतला पाइप साफ करायला दुकानात लवचिक सळ्यांचा ब्रश मिळतो. तो ड्रिलला लावून फिरवायचा, पण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर सळ्या आतच सुटतात. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी हे केलं की पुरतं. बाहेरच्या झडपेला कुणी जाळी ठोकली असेल तर ती काढा. पक्षी थांबतात, पण लिंटही तिथेच थांबतं. वसंतात झडपेच्या आत चिमण्या आणि आपल्या साळुंकीच्या कुळातला स्टारलिंग घरटं बांधतात, तेव्हा मार्चपासूनच लक्ष ठेवा. हिमवादळानंतर फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करता, तेव्हा चार पावलं पुढे जाऊन ड्रायरच्या झडपेवरचं बर्फही काढा. ती बर्फाखाली गाडलेली असताना गॅस ड्रायर लावायचा नाही.

इंटरनेटवर दोन सल्ले फिरत असतात, ते गॅस ड्रायरला लावू नका. एक, "पाइप काढून ड्रायर चालवून बघा, म्हणजे दोष कुठे ते कळेल." दुसरा, हिवाळ्यात गरम हवा वाया जाऊ नये म्हणून पाण्याचा डबा लावून ती घरातच सोडायची. दोन्हींत ज्योतीचे वायू घरात येतात.

पाइप मोकळा आहे, वारा जोरात आहे, तरी कपडे गार? मग ज्योतीकडे वळा. तळघरातला दिवा मालवा, ड्रायरच्या खालच्या भागातली छोटी पट्टी किंवा खिडकी उघडा आणि मशीन सुरू करा. हात आत घालायचा नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. ड्रम फिरू लागल्यावर इग्नायटर नावाची छोटी कांडी आधी लालसर आणि मग लखलखीत केशरी होते. अर्धं ते एक मिनिट जातं. मग 'टक्' असा आवाज येतो, इग्नायटर विझतो आणि त्याच क्षणी हलक्या 'फुस्स'सह निळी ज्योत नळीतून आडवी निघते. या क्रमात गाडी कुठे अडते, त्यावरून दोष कळतो.

इग्नायटर तापतो, टक् होतं, तो विझतो, पण ज्योत येत नाही: गॅस व्हॉल्व्ह विजेने उघडणाऱ्या, त्याच्यावर बसवलेल्या कॉइल गेल्या. सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड हाच. यातली फसवी गोष्ट अशी की सकाळचा पहिला घाणा छान वाळतो, दुसरा ओला राहतो. गार असताना कॉइल काम करते, तापली की दम सोडते. म्हणून गार कॉइल विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरने तपासली तर ती ठीकच दिसते, आणि लोक उगाच भलतेच पार्ट बदलत बसतात. इग्नायटर तापलेलाच राहतो, विझतच नाही: फ्लेम सेन्सर, म्हणजे उष्णता ओळखून इग्नायटर बंद करणारा भाग, अडकला. इग्नायटर मुळीच तापत नाही: तो तरी तुटला, नाहीतर थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडाला, नाहीतर सेन्सरमधून वीजच पुढे जात नाही. मीटर असेल तर प्लग काढून, त्या त्या पार्टची वायर सोडवून मोजा. चांगल्या इग्नायटरचा रोध बहुतेक मशीनमध्ये ५० ते ४०० ओहमच्या दरम्यान येतो. फ्यूज आणि गार सेन्सर जवळजवळ शून्य दाखवायला हवेत. आणि ज्योत येते, पण निळी नसून पिवळी, लांबट, आळसावलेली असेल, तर तिला हवा कमी पडतेय. ते जुळवायचं काम माहीतगाराला द्या.

कॉइल बदलणं घरी करण्यासारखं आहे, कारण त्यात गॅसचा सांधा उघडावा लागत नाही. कॉइल व्हॉल्व्हवर बाहेरून बसलेल्या असतात. प्लग काढा, कॉक बंद करा, मशीन थंड होऊ द्या. पुढचं पॅनल काढल्यावर बर्नरच्या नळीच्या टोकाला व्हॉल्व्ह दिसेल आणि त्यावर शेजारी शेजारी दोन काळ्या कॉइल. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एका कॉइलचा प्लग दोन पिनांचा, दुसरीचा तीन पिनांचा असतो, त्यामुळे सहसा अदलाबदल होत नाही. वरच्या पत्र्याच्या पट्टीचे दोन स्क्रू आखूड, जाड दांड्याच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने काढा. जागा अरुंद असते, लांब दांडा तिरका लागतो आणि स्क्रूचं डोकं झिजतं. कॉइल सरळ वर उचला, नव्या तशाच बसवा. दोन्ही एकदम बदला. जोडी वीस-पंचवीस डॉलरच्या आत मिळते, आणि कारागीर नुसता दारात आला तरी त्याहून कितीतरी जास्त घेतो. तुमच्या मॉडेलमध्ये कॉइलपर्यंत पोचायला गॅसची नळी सोडवावी लागत असेल, तर मात्र तिथेच थांबा.

इग्नायटर बदलताना बोटं त्याच्या काळपट भागाला लावू नका. तो कमालीचा ठिसूळ असतो, आणि हाताचा तेलकटपणाही त्याला सोसत नाही. चिनी मातीच्या बुडाला धरा. थर्मल फ्यूज एकदा उडाला की परत जुळत नाही, नवाच लागतो. पण तो उडाला म्हणजे आत उष्णता कोंडली होती. पाइप न बघता फ्यूज बदलला तर नवाही उडेल. आणि फ्यूजला बगल देऊन वायर थेट जोडायची, हे कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी करू नका.

पॅनल उघडलंच आहे, तर व्हॅक्यूम आणून बर्नरभोवतालचं, मोटरवरचं, तळाशी साचलेलं लिंट ओढून घ्या. जाळीतून निसटलेलं बरंचसं तिथेच जमतं, उघड्या ज्योतीपासून वीतभर अंतरावर. ड्रमचा धडधड आवाज येत असेल तर रोलर झिजले. चिरका, किंचाळणारा आवाज असेल तर बहुधा पट्टा ताणणारी छोटी पुली. मोटर चालते आणि ड्रम जागचा हलत नाही, तर पट्टा तुटला.

आता एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे टॉवेल, बाळाच्या मालिशची दुपटी, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी. तेल साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. ड्रायरमध्ये तापल्यावर उरलेलं तेल हवेशी संयोग पावत राहतं आणि स्वतःच उष्णता निर्माण करतं. असे कपडे गरम असतानाच घडी करून ढीग लावला, तर ती उष्णता आत कोंडते आणि ढीग ज्योतीशिवाय पेटू शकतो. तिळाचं, सूर्यफुलाचं, जवसाचं तेल यात खोबरेलापेक्षा जास्त धोक्याचं. हे कपडे दोरीवरच वाळवा. हिवाळ्यात तळघरात एक दोरी बांधा. भारतातून आलेल्या सासूबाई किंवा आई नातवाला मालिश करत असतील, तर त्यांना हे पहिल्या दिवशीच समजावून सांगा.

ड्रायर जागेवर ढकलण्याआधी बघा: गॅसचा लवचिक पाइप जुना, दबलेला किंवा वाकून चपटा झालेला असेल तर बदलून घ्यावा. नवा ड्रायर आणला तर जुनाच पाइप त्याला पुन्हा लावू नये. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. कॉक उघडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगू लागले तर कॉक लगेच बंद. आणि तळघरात उतरताना गॅसचा वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, प्लग काढायला जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

पार्ट मागवताना मॉडेल नंबर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये पॅनलमागे दुमडून ठेवलेला एक कागद असतो, त्यावर वायरिंगचा नकाशा आणि प्रत्येक पार्टचे ओहम छापलेले असतात. त्याचा फोटो काढून तो कागद परत तिथेच ठेवा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला तो लागेल.